पिकल्या केळाचा वास

साळदऱ्यात उतरायचं म्हणजे आधी जानरावाच्या हाताखालून जायचं, असा तिथला शिरस्ता. दऱ्याच्या माथ्यावर गाडीरस्ता संपतो आणि पायवाट एकदम खाली कोसळते, तिथं दोन खांबांचं एक लाकडी फाटक आहे. फाटकाशेजारच्या सपाट दगडावर जानराव बसलेला असायचा. पुण्या-नागपुराकडची पोरं पाठीवर बोजे घेऊन आली की तो उठायचा, रामराम घालायचा आणि सरळ त्यांच्या पिशव्या उघडायला लावायचा. सेंटाच्या बाटल्या बाहेर. उदबत्तीचा पुडा बाहेर. सिगारेटी बाहेर. इथवर लोक समजून घ्यायचे. मग तो केळी बाहेर काढायचा, आणि तिथं मात्र सगळ्यांना हसू फुटायचं.

"काका, केळ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"खा ना. नाई कोण म्हणते? अठीच बसून खा, साबन लावून हात धुवा, अन् मंग उतरा."

कुणी वाद घातलाच तर तो फाटकात आडवा उभा राहायचा. एकसष्ट वर्षांचा, हाडकुळा, कानाच्या पाळ्या डंखांनी सुजून सुजून जाड झालेल्या. पोरं मुकाट्यानं दगडावर बसून केळी संपवायची आणि आपसांत म्हणायची, म्हातारा वल्ली आहे. म्हणू देत. जानरावाला नावं ठेवून गेलेली आणि धडधाकट परत आलेली माणसं शेकड्यांनी होती. त्याला तेवढंच हवं होतं.

बुलढाणा डोंगरावर, मलकापूर खाली सपाटीला आणि मधे राजूर घाट. घाटातून मोटारीनं उतरणाऱ्याला डोंगर म्हणजे नुसती वळणं वाटतात. पण रस्ता सोडून तासभर आत चाललं की तोच डोंगर ठिकठिकाणी उभा फाटलेला दिसतो. साळदरा ही त्यातली सगळ्यात खोल फाट. माथ्यावरून पाहिलं तर तळातली झाडं पालेभाजीच्या जुड्यांएवढी दिसतात. खाली जायला एक तास लागतो, वर यायला दीड तास, आणि वाटेला सात वळणं आहेत.

या दऱ्याच्या तळाशी अविनाशनं दगडामातीचं मुक्कामाचं घर बांधलं होतं. अविनाश बुलढाण्याचाच, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या भगवंतरावांचा एकुलता मुलगा. पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून आला आणि दऱ्यात तीन खोल्या, एक ओसरी आणि वर कवेलूचं छप्पर असं घर उभं केलं. वीज नाही, फोनला रेंज नाही, पाणी झिऱ्याचं, जेवण चुलीवरचं. ज्या गोष्टींतून सुटायला आपल्या माणसांनी आयुष्य घातलं, त्याच गोष्टी उपभोगायला शहरातली माणसं चार-चार महिने आधी नाव नोंदवायची. जानराव त्या घराचा राखणदार, वाटाड्या आणि पाणक्या. स्वयंपाक त्याच्या बायकोचा, अन्नपूर्णाबाईचा. तिच्या हातचा झुणका आणि ठेचा खाऊन पाहुणे पुन्हा यायचे, दरी बघायला यायचे असं नुसतं म्हणायचे.

पण अन्नपूर्णाबाई बाराही महिने खाली राहत नसे. त्याला कारण समोरचा कडा.

घरासमोर नाला आणि नाल्यापलीकडे सरळ उभा कडा. कड्याच्या निम्म्या उंचीवर दगडाचा एक ओठ पुढे आलेला आहे आणि त्या ओठाखाली आग्या मोहोळं लागतात. दसरा झाला की येतात, उन्हं तापली की उठून जातात. काळपट, सुपाएवढी, एकाशेजारी एक. दुरून पाहिलं तर निवांत लोंबत असतात. मग अचानक एका मोहोळावरून शहारा सरकतो, सगळ्या माश्या अंग झटकतात, आणि तो शहारा शेजारच्या मोहोळावर जातो. पाहुण्यांना हे फार सुंदर वाटायचं. जानराव तो शहारा दिसला की हातातलं काम थांबवून उभा राहायचा. दरवर्षी सात-आठ मोहोळं असायची. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी तेवीस होती. त्यानं तीनदा मोजली. आपल्या बापाच्या काळातही एवढी त्यानं एका कड्यावर पाहिली नव्हती.

त्याचा बाप मोहोळ काढायचा, आजाही काढायचा. दोर लावून कड्यावरून लोंबकळायचं आणि धुरात मध कापायचा, हा घरचा धंदा. पोर चौदा वर्षांचं झाल्यावर बापानं त्याला कड्याखाली उभं केलं आणि एकच धडा दिला. "माशी डंख मारते अन् मरते. पन मरता मरता वास सोडते. पिकल्या केयाचा वास. त्या वासावर बाकीच्या येते. तो वास आला का दोर सोड, मध सोड, बापालेही सोड, अन् पय."

तेव्हापासून जानरावानं केळ तोंडात घातलं नव्हतं. मलकापूरच्या पलीकडे खानदेश लागतो, तिथली केळी बुलढाण्याच्या बाजारात हातगाड्यांवर ढिगानं असतात. जानराव त्या गल्लीतून जाताना आजही श्वास धरून चालतो.

या गोष्टीच्या सहा वर्षं आधी तो कड्यावर होता आणि अन्नपूर्णाबाई त्याची भाकर घेऊन खाली आली होती. तिला चारच माश्या चावल्या. जानरावाला आयुष्यात हजारांनी चावल्या असतील, त्याला चार म्हणजे काहीच नव्हतं. पण तिच्या अंगावर भाकरीएवढ्या गांध्या उठल्या, ओठ निळे पडले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. चौघांनी बाजेवर घालून तिला वर आणली. वाचली, पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जानरावाला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, हिच्या अंगाला हे विष चालत नाही. पुढच्या वेळी एक माशी पुरेल." त्यांनी एक इंजेक्शन लिहून दिलं आणि ते मांडीत कसं टोचायचं ते एका संत्र्यावर शिकवलं. "ही सुई वीस मिनिटं देते. त्या वीस मिनिटांत दवाखान्याच्या जवळ पोचा."

वीस मिनिटं. वाट दीड तासाची.

त्या दिवशी जानरावानं मोहोळाचा धंदा सोडला. शेवटच्या कापलेल्या मोहोळाचा एक बाटली मध तेवढा फडताळात राहिला, तो त्यानं ना विकला ना खाल्ला. अविनाशकडे काम धरलं तेव्हा त्यानं नवराबायकोत एक नेम घातला. मोहोळं आली की बाई वर, मोहोळं गेली की बाई खाली. दसरा ते होळी अन्नपूर्णाबाई माथ्यावरच्या आपल्या घरी रांधायची आणि जानराव डबे खांद्यावरून खाली न्यायचा. इंजेक्शनचा स्टीलचा डबा मात्र खालच्या खोलीतल्या कोनाड्यात कायम असायचा आणि दरवर्षी त्यात नवं इंजेक्शन यायचं. जानराव एकवेळ काहीही विसरेल, पण तो डबा विसरत नसे.

आणि एवढ्या सगळ्या बंदोबस्ताला भोक पडलं ते भगवंतरावांच्या चांगुलपणानं. वाईट माणूस असता तर जानरावानं त्याला फाटकातच अडवला असता.

घराला पाच वर्षं झाली म्हणून भगवंतरावांच्या मनात सत्यनारायण घालायचं आलं. मार्गशीर्षातली पौर्णिमा त्यांनी पंचांगात पाहून ठेवली. पूजेला जोडपं लागतं. भगवंतराव विधुर, अविनाशचं लग्न व्हायचं होतं. एका सकाळी ते काठी टेकत माथ्यावरच्या घरी आले, अंगणातल्या बाजेवर बसले आणि चहा घेता घेता म्हणाले, "जानराव, पूजेला तुम्ही दोघं बसायचं."

"आमी?"

"मग कोण? त्या घरात चूल कुणी पेटवली? अन्नपूर्णाबाई बसतील. मी त्यांच्यासाठी हिरवी साडी आणतो."

दारात उभ्या असलेल्या अन्नपूर्णाबाईनं हातातली कपबशी उंबऱ्यावर ठेवली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला मूल झालं नव्हतं. गावात ओटी भरायची असली, डोहाळजेवण असलं, कुणाच्या घरची वास्तुशांत असली की बायका तिच्या दारावरून पुढे जायच्या. तोंडावर कुणी काही बोलत नसे. दोनदा कुणी भिडेखातर बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा आदल्या दिवशी निरोप आला होता की माणसं फार झाली, मागाहून प्रसाद पाठवू. पाटावर बसायला तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

जानराव म्हणाला, "साहेब, चैत्रात करू. मोहोयं उठली का."

"चैत्रात तर चैत्रात," भगवंतराव लगेच म्हणाले. ते खरंच थांबले असते.

पण अन्नपूर्णाबाई पुढे आली. एरवी परक्या पुरुषासमोर तिचा शब्द फुटत नसे. "नोको जी साहेब. पौर्णिमेलेच करा."

भगवंतराव गेल्यावर जानराव तिच्यावर कडाडला. ती भांडी विसळत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बोलावनं आलं तवा जाव लागते. मले दुसऱ्यांदा कोनी बोलावत नाई. तुमाले मालूम हाये." जानराव अंगणातल्या बाजेवर जाऊन बसला. त्याला भीती वाटत होती आणि भीतीहून जास्त तिची कीव येत होती, आणि कीव आली की माणूस कच्चा पडतो.

मग त्यानं आपल्या परीनं सगळं आवळून बांधलं. माश्या थंडीत उडत नाहीत. मार्गशीर्षात कड्याच्या त्या ओठावर ऊन साडेनऊला उतरतं. म्हणजे साडेसहाला पूजा सुरू करायची, साडेआठला आरती, नऊला बाई वाटेला. भगवंतरावांबरोबर बुलढाण्याला जाऊन गुरुजींना भेटला. धूप नाही, उदबत्ती नाही, शंख नाही, घंटा नाही. प्रसादाच्या शिऱ्यात केळ नाही, चौरंगाला केळीचे खांब नाहीत, त्याऐवजी ज्वारीची धाटं बांधायची.

गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "केळ्याशिवाय सत्यनारायण?"

"गुरुजी, बाकीचं सारं करतो. सांगान तेवढं पाणी वाहातो. केय नाई."

भगवंतरावांनी मधे पडून गुरुजींची समजूत काढली. शिऱ्यात पेरू घालायचं ठरलं. गुरुजी यादी लिहीत होते, दूध, दही, तूप, साखर, मध. "मध मी दुकानातून घेतो," भगवंतराव म्हणाले.

"इकतचा मध?" जानराव दुखावल्यासारखा म्हणाला. "साहेब, मोहोयवाल्याच्या हातून पूजा, अन् मध इकतचा? माह्या घरी हाये. याच कड्याचा."

ते ऐकून भगवंतरावांना फार बरं वाटलं. जानरावाला त्याहून बरं वाटलं.

पौर्णिमेला पहाटेची थंडी अशी होती की झिऱ्याच्या पाण्यातून वाफ निघत होती. जानरावानं फाटकात उभं राहून प्रत्येकाची पिशवी तपासली. अविनाशची, भगवंतरावांची, बायकोचीसुद्धा. भगवंतरावांच्या मफलरला अत्तराचा वास होता, तो मफलर फाटकाच्या खांबाला टांगला. मग मंडळी उतरली. अन्नपूर्णाबाई हिरवी साडी नेसून, नवा चुडा भरून, अनवाणी पायांनी सगळ्यांत पुढे चालत होती. साठीला टेकलेली बाई वळणावळणावर मागे वळून नवऱ्याकडे बघून हसत होती. मधाची बाटली जानरावाच्या खांद्यावरच्या पिशवीत होती. त्याची पिशवी कुणी तपासली नाही. त्याची कोण तपासणार?

साडेसहाला ओसरीवर चौरंग मांडून झाला. ज्वारीची धाटं चार कोपऱ्यांना उभी राहिली. अन्नपूर्णाबाई पाटावर बसली. आणि गुरुजी आले नाहीत.

सात वाजले, आठ वाजले. घाटात ट्रक आडवा झाला होता, दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली होती. पण हे खाली कुणाला कळणार? तिथं फोन वाजत नाही. गुरुजी नऊ वाजता सातवं वळण उतरून धापा टाकत पुढ्यात आले, तेव्हा कड्याचा माथा पिवळा झाला होता.

"आता नाई," जानराव म्हणाला. "आता पूजा नाई. उठ व, चाल वर."

अन्नपूर्णाबाई उठली नाही. ती पहाटेपासून उपाशी त्या पाटावर बसून होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही, नुसती म्हणाली, "तुमी बसा."

"अवं, ऊन उतरून राह्यलं."

"बसा म्हनलं ना."

अविनाश चुळबुळला. "काकू, काका म्हणतात तर राहू द्या. आपण परत करू."

"परत," अन्नपूर्णाबाई म्हणाली. तो एक शब्द तिनं असा उच्चारला की अविनाशनं मान खाली घातली. गुरुजी म्हणाले, थोडक्यात आटोपतो. जानरावानं कड्याकडे पाहिलं. तेवीस मोहोळं सावलीत निपचित लोंबत होती. ऊन अजून बरंच वर होतं. तो उघड्या अंगानं, मुकटा नेसून बायकोच्या डावीकडे बसला आणि त्यानं आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली.

पूजेत नवऱ्यानं पाणी सोडायचं आणि बायकोनं आपला हात त्याच्या कोपराला लावायचा. अन्नपूर्णाबाईची गार बोटं त्याच्या कोपरावर टेकली. गुरुजींनी पंचामृताची वाटी पुढे केली. जानरावानं पिशवीतून बाटली काढली, बूच उघडलं आणि मध ओतला. सहा वर्षांचा जुना, काळसर मध. ओसरीभर त्याचा वास दरवळला. भगवंतराव डोळे मिटून म्हणाले, "वा!"

कथा सुरू झाली. गुरुजी भराभर वाचत होते. जानरावाच्या कानात एकही शब्द शिरत नव्हता. त्याचे डोळे कड्यावर खिळले होते. उन्हाची कड दगडावरून इंच इंच खाली सरकत होती. पहिला अध्याय. कड झुडपापाशी आली. दुसरा. झुडूप उजळलं. तिसरा. आता ओठाच्या वर दगडातली तांबडी रेघ दिसायला लागली. पाटावरून मधेच उठायचं नसतं, हे लहान पोरालाही माहीत असतं. जानरावानं हळूच कोपर हलवलं. तिनं बोटं आवळली. "पुरी होऊ द्या," ती ओठातल्या ओठात म्हणाली. तिचा चेहरा इतका शांत झाला होता की त्यानं कोपर तसंच राहू दिलं.

चौथ्या अध्यायात ऊन ओठावर टेकलं. पहिल्या मोहोळावरून शहारा सरकला.

आणि मग एक माशी आली. ओसरीवर एकटीच. ती चौरंगाभोवती फिरली आणि पंचामृताच्या वाटीच्या काठावर बसली. तिच्यामागून दुसरी. जानरावानं वाटीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. सकाळपासून त्यानं सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या होत्या. आपल्या हातानं त्यानं माश्यांच्याच घरचा मध त्यांच्यासमोर उघडून ठेवला होता.

"कोनी हालू नोका," तो पुटपुटला. "गुरुजी, वाचत राहा. हळू वाचा. मी वाटी उचलून पान्यात बुडवतो."

त्यानं हात पुढे केला. तेवढ्यात दुसरी माशी वाटीवरून उडाली आणि अन्नपूर्णाबाईच्या हातावर, बांगड्यांच्या वर बसली. नुसती बसली होती. मधानं भरलेली सोंड पुसत होती. ती आपण होऊन उडून गेली असती. पण भगवंतरावांना बाईंच्या दुखण्याची गोष्ट ठाऊक होती. चांगला माणूस. त्यांनी झटकन वाकून अंगठ्या-बोटाच्या चिमटीत ती माशी उचलली आणि पाटाच्या कडेवर चिरडली.

"मेली," ते म्हणाले. "घाबरू नका, बाई. मेली ती."

ओसरीवर पिकल्या केळाचा वास पसरला.

अन्नपूर्णाबाईनं जानरावाकडे पाहिलं. पस्तीस वर्षं ती मोहोळवाल्याची बायको होती, तिला सांगावं लागलं नाही. नाल्यापलीकडे कड्याचा काळा रंग सुटून हवेत उतरत होता. आवाज त्यानंतर आला, दूरवरून मालगाडी यावी तसा.

"खोलीत!" जानराव ओरडला. त्यानं दाराशी टांगलेली घोंगडी ओढली, बायकोला डोक्यापासून पायापर्यंत तीत गुंडाळली आणि उचलून आत नेली. अविनाशनं वडिलांना ओढलं, गुरुजी पोथी छातीशी धरून आत धडपडले. दार लागलं, फटीत गोधडी कोंबली. दहा पावलांचं अंतर होतं. तेवढ्यात जानरावाच्या उघड्या पाठीत पन्नासेक डंख रुतले होते, भगवंतरावांचा चेहरा ओळखू येईना. बाहेर दारावर पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता.

जानरावानं घोंगडी उलगडली. बायकोच्या अंगावर एकही डंख दिसला नाही. त्याला हसू आलं, रडूही आलं. आणि घोंगडीच्या आतल्या घडीतून एक माशी टपकन जमिनीवर पडली.

"मले कानामांगं कायतरी टोचलं," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

त्यानं कोनाड्यातला डबा काढला, सुई काढली, मांडीत टोचली. संत्र्यावर शिकवलं होतं तसंच केलं. दोन-चार मिनिटांत तिचा श्वास मोकळा झाला. अविनाशनं सुटकेचा निःश्वास टाकला. पण जानराव घड्याळाकडे बघत होता. चिडलेलं आग्या मोहोळ ऊन कड्यावरून जाईपर्यंत शांत होत नाही, म्हणजे संध्याकाळपर्यंत. आणि सुई वीस मिनिटांची.

"मी इले घेऊन जातो," तो म्हणाला.

"काका, बाहेर माश्या..."

"आत राह्यलो तर ही जाते. बाहेर गेलो तर मी जाईन. पाहू."

त्यानं तिला पुन्हा घोंगडीत गुंडाळली, या वेळी प्रत्येक घडी झटकून, उन्हाकडे धरून. पाठीवर घेतली आणि दार उघडून निघाला. अविनाश गोधडी पांघरून मागे धावला. पहिल्या तीन वळणांपर्यंत माश्या त्यांच्याबरोबर आल्या. जानरावाला त्या जाणवल्याच नाहीत. त्याला फक्त कोपरावर टेकलेली तिची बोटं जाणवत होती. घोंगडीतून हात काढून तिनं पूजेत लावला होता तसाच तो कोपराला लावला होता.

चौथ्या वळणावर तिचा श्वास पुन्हा शिट्टी वाजवायला लागला.

"अवो," ती म्हणाली.

"बोलू नोको."

"कथा किती राह्यली होती?"

"एकच अध्याय."

पाचवं वळण मागे पडलं. "प्रसाद घेतला नाई आपन," ती म्हणाली. "पाटावरून उठलो अन् प्रसाद घेतला नाई."

"वर जाऊन घेऊ. माह्यापाशी हाये."

त्याच्यापाशी काही नव्हतं. सहाव्या वळणावर बोटं कोपरावरून घसरली. त्यानं ती आपल्या हातानं पुन्हा जागेवर लावली. ती पुन्हा घसरली. माथ्यावर फाटकापाशी पोचून त्यानं तिला आपल्या सपाट दगडावर निजवलं तेव्हा ती गेलेली होती. फाटकाच्या खांबावर भगवंतरावांचा अत्तराचा मफलर हलत होता.

भगवंतराव वाचले. आठवड्यानं जानराव दवाखान्यात त्यांना भेटायला गेला तर ते आपला अंगठा डोळ्यांसमोर धरून बसले होते. "जानराव, ह्या बोटानं," ते म्हणाले आणि त्यांनी अंगठा मुठीत मिटला. जानरावानं त्यांचा तो हात आपल्या हातात घेतला. "साहेब, मध माहा होता," तो म्हणाला. एवढंच बोलून तो तिथं संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

आता साळदऱ्यातलं घर दसरा ते उन्हाळा बंद असतं. बाकीच्या महिन्यांत पाहुणे येतात, अविनाशनं नवा स्वयंपाकी ठेवलाय, झुणका तसा होत नाही. जानराव फाटकापाशी असतो. तो आता दगडावर बसत नाही, दगडाशेजारी उभा राहतो. कड्यावर तेव्हा एकही मोहोळ नसतं, तरी तो पिशव्या तपासतो. सेंट, उदबत्ती, केळी. आणि मध.

पण त्याआधी तो पाहुण्यासमोर स्वतःची पिशवी उघडी करून ठेवतो, आपले दोन्ही हात पुढे करतो आणि म्हणतो, "आधी माहे हात पाहा. वास घ्या."

पोरांना हसू येतं. एखादा गंमत म्हणून वाकतो, म्हाताऱ्याच्या तळव्यांशी नाक नेतो आणि म्हणतो, "काही नाही काका. कसलाच वास नाही."

"नीट पाहा," जानराव म्हणतो, आणि हात तसेच धरून उभा राहतो.